एका कढईत एक अंक

हळद शिजायला लागली की वास आधी पायाशी येतो. मग धोतरावर चढतो, मिशीत बसतो, भाकरीच्या पदरात शिरतो, पाण्याच्या घोटालासुद्धा लागतो. कच्च्या हळदीला मातीचा वास असतो, ओल्या मुळीचा, नुकत्या उकरलेल्या बिळाचा. शिजली की वास फिरतो. गोडसर, जड, मागून जरा कडवट. शिमगा झाला की आमच्या शिरड शहापूरच्या शिवारात जिकडं जावं तिकडं हाच वास. दुसऱ्यांना या वासानं काय आठवतं ते मला ठाऊक न्हाई. बाजार आठवत असेल, दुखलेली पाठ आठवत असेल. मला आभाळ्या आठवतो.

आभाळ्या म्हणजे चित्रांच्या पुस्तकातला माणूस. कॉमिक म्हणतात त्या पुस्तकाला. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मी चौथी शिकलेला, दात पडलेला, बायको गेलेला म्हातारा आहे आणि मी आभाळ्याचं कॉमिक वाचतो. आमच्या पारावरचे लोक म्हणतात, अरे या वयात पोथी वाचावी. वाचा की तुमी. मी अडवलं का?

आभाळ्या एसटी स्टँडवरचा हमाल आहे. डोक्याला लाल पटका, दंडाला पितळी बिल्ला. रोजच्या दिवशी तो तुमच्या माझ्यासारखाच, पोती उचलतो, कंडक्टरच्या शिव्या खातो. पण श्वास रोखला की त्याला आभाळ पेलायची ताकद येते. बस उचलतो, पूल उचलतो, पडणारी भिंत पाठीवर घेतो. अट एकच, श्वास धरला तोवरच. श्वास सुटला की तो परत हमाल, आणि जे डोक्यावर आहे ते डोक्यात पडणार. तो उडत न्हाई, डोळ्यातून आग काढत न्हाई, त्याला पंख न्हाईत की रथ न्हाई. स्टँडवर गंगू नावाची बाई चहा विकते, तिला एकटीला त्याचं गुपित माहीत. त्याचा श्वास संपत आला की ती शीळ घालते, म्हणजे खालच्या लोकांनी पळावं. आणि दुश्मन म्हणजे पोकळ्या. तो काही तोडत न्हाई, जाळत न्हाई. नुसता हात लावतो आणि वस्तू आतून पोकळ होते. वरून रंग तसाच, भिंत तशीच, माणूस तसंच. आत काही न्हाई.

एवढं कळलं म्हणजे सगळं कळलं. आता कौसाचं सांगतो.

कौसा माझी बायको. मागच्या पावसाळ्यात गेली. छातीची तकलीफ होती. तिला वाचता येत नव्हतं, आणि आभाळ्याचं वेड मला तिच्यापायी लागलं हे लोकांना खरं वाटत न्हाई. झालं असं, की पूर्वी हळद कढईत शिजायची. जमिनीत खणलेलं चुलवण, त्यावर लोखंडी कढई, एवढी मोठी की आत बैल बसावा. त्यात हळकुंडं भरायची, पाणी घालायचं, वरून हळदीचाच पाला आणि गोणपाट झाकायचं आणि खालून जाळ लावायचा. एकदा जाळ धरला की मग बसणं. माणसं या बसण्यात तंबाखू मळतात आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतं ते सांगतात. मी हिंगोलीच्या स्टँडवरून एकदा एसटीची वाट बघता बघता घेतलेलं पुस्तक काढलं. मला मनात वाचता येत न्हाई. ओठ हलल्याशिवाय अक्षर कळत न्हाई. तर जाळ सारता सारता कौसा म्हणली,

"अवं, पुटपुटून काहून राहिले? मंत्र मारता का हळदीवर?"

"पुस्तक वाचून राहिलो."

"मग आमी काय बहिरे हाव? मोठ्यानं वाचा की."

वाचलं. तेव्हापासून आमच्यात रीतच पडली, एका कढईत एक अंक. माझं वाचणं बैलगाडीचं, जोडाक्षर आलं की चाक रुततं. हळकुंडात काडी टोचून बघायची, ती आत गेली की हळद शिजली. काडी जायला आणि माझा अंक सरायला बराबर गाठ पडायची. कधी हळद पुढं, कधी मी पुढं, पण लई फरक न्हाई.

आणि दुसरी रीत कौसानं पाडली. अंक वर्षभर अधूनमधून येत राहतात. स्टँडवरचा पेपरवाला माझ्यासाठी काढून ठेवतो. पण घरी आणला की कौसा तो ट्रंकेत टाकायची, खाली लुगडी, वर अंक. उघडायचा न्हाई. हळदीतच उघडायचा. मी कितीदा म्हणलं, अगं चोरून एक पान बघतो. तर म्हणायची, "कच्ची हळद खाऊन राहिले का तुमी?" आंबे आढीत घालावेत तसे आमचे अंक ट्रंकेत पिकायचे. शिमगा झाला, कढई घासली, की ट्रंक उघडायची. डांबराच्या गोळीचा वास असलेला आभाळ्या मी सगळं आयुष्य वाचला.

पाल्याच्या ढिगावर कौसा, तिच्या शेजारी शेवंता. शेवंता आमच्या जवळच्या तांड्यावरची. लग्न होऊन आली त्या साली कौसाची तिची हळद वेचता वेचता गट्टी जमली. कौसाला बहीण म्हणते म्हणून मला दाजी म्हणते, आणि दाजी म्हणते म्हणून वाटेल ते बोलते. आभाळ्यानं श्वास रोखला की कौसा रोखायची. मग शेवंता. मग कामाला आलेल्या साऱ्या बाया. गाल फुगवून, डोळे माझ्या तोंडाकडं. पूल आभाळ्याच्या डोक्यावर, आणि मी जोडाक्षरात रुतलेला. शेवंता हातानं खुणा करायची, चला चला. कौसाचे डोळे बाहेर यायचे. श्वास सुटला की सगळ्या जणी हासू हासू पाल्यात लोळायच्या.

"दाजी, तुमच्या वाचण्यानं आभाळ्या मरायचा न्हाई, आमी मरू!"

मला मात्र कधी श्वास धरता आला न्हाई. वाचणाऱ्यानं श्वास धरला तर वाचील कोण?

एका साली गंमत झाली. काडी टोचायचं काम कौसाकडं होतं. अंक आला रंगात, आभाळ्या विहिरीत अडकला, वरून मोट सुटलेली. शेवंता म्हणते, बाई, वास फिरला, हळद झाली. कौसा म्हणते, बस गप, आणखी जरा हाय. मी म्हणलं काडी बघ. तिनं बघितलीच न्हाई. गोष्ट संपली तेव्हा कढईतल्या हळदीचा लगदा व्हायचा बाकी होता. वाळल्यावर काळपट पडली, बोटानं मोडली तर भुसभुशीत. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यानं एक हळकुंड मोडून माझ्याकडं बघितलं. घरी येऊन मी तोंड सोडलं. कौसानं शांतपणे भाकरी उलटली आणि म्हणली, "पोकळ्यानं हात लावला, मी काय करू?"

अशा बाईवर चिडावं कसं, ते मला शेवटपर्यंत जमलं न्हाई.

मागच्या हळदीतला शेवटचा अंक धरणाचा होता. पोकळ्यानं धरणाची भिंत आतून खाऊन टाकली आणि आभाळ्या खाली उभा राहिला, पाठीवर भिंत, भिंतीमागं सारं पाणी. शेवटच्या चित्रात नुसते त्याचे डोळे, तांबडेलाल. पुढचं पुढच्या अंकात. त्या दिवशी कौसाला श्वास धरवला न्हाई. अर्ध्यात खोकला आला. पदर तोंडाला लावून बसली, मग म्हणली,

"माझ्याच्यानं आता धरवत न्हाई. तुमी धरा."

"मी धरला तर वाचील कोण?"

"तेबी खरंय," म्हणली आणि हसली. हसली की पुन्हा खोकला.

पाऊस लागला तेव्हा तिला हिंगोलीला दवाखान्यात नेली. धरणाच्या पुढचा अंक तोवर आला होता. मी ट्रंकेतून काढून पिशवीत घालून नेला. तोंडाला नळी, बाजूला यंत्र फुसफुस करून राहिलेलं. मी अंक तिच्यासमोर धरला. म्हणलं, कौसा, वाचतो, आभाळ्याचं काय झालं बघू. तिनं नळी जरा बाजूला केली.

"हळदीत वाचू. आत्ता काय घाई हाय."

तो अंक मी तसाच परत आणला. त्यानंतर जे आले तेही न उघडता वर वर ठेवत गेलो. ती गेली, दिवस झाले, सोयाबीन झालं, थंडी आली. ट्रंकेत अंकांचा थर वाढत गेला. आणायचं मात्र मी थांबवलं न्हाई. का आणत होतो ते मला सांगता येणार न्हाई. पण ठरवलं होतं, या हळदीत ट्रंक उघडायची आणि कौसाचं राहिलेलं वाचून काढायचं. आणि नाहीच जमलं तर सुतळीनं बांधून माळ्यावर टाकायचं, आभाळ्या धरणाखाली कायमचा उभा. दोन्हीपैकी एक. मधे लटकत राहायचं न्हाई.

तर गजाननानं अडवलं. गजानन माझा मुलगा, आता वावर तोच बघतो. म्हणला, यंदा सगळी हळद वाफेच्या बॉयलरवर.

म्हणलं, "आण बॉयलर. पण एक कढई लावू दे मला. एकच."

"न्हाई."

"काहून?"

"आबा, आईच्या छातीत काय होतं ते डॉक्टरनं फोटोत दावलं. तुमी होते ना तिथं? माझ्या वावरात आता चुलवण पेटणार न्हाई. सुनितानं बसावं का त्या धुरात? शेवंतामावशीनं बसावं?"

सुनिता माझी सून. ती दाराआड उभी होती. पोरगं बराबर बोललं की बापाला जास्त राग येतो. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. चहा आला तर भिंतीकडं तोंड करून पीत होतो. मग एका सकाळी चुलवणापाशी जाऊन बसलो. आत सरड्यानं घर केलं होतं. काठावर कौसा बसायची तो दगड, तिच्या बसण्यानं गुळगुळीत झालेला. बसल्या बसल्या मला एक गोष्ट लख्ख दिसली. कढई कौसाची नव्हती, कढई गजाननाच्या आज्याची. धूरही कौसाचा नव्हता, तो तर तिच्या वाईटावर होता. कौसाचं होतं ते वाचणं. उठलो, धोतर झटकलं, घरी येऊन म्हणलं, "आण तुझा बॉयलर. पण त्याच्यापाशी मी मोठ्यानं वाचणार. त्याला काय धूर लागतो का?"

गजानन म्हणला, "वाचा की आबा. वाचू नका कोण म्हणलं?"

बॉयलर आला. ट्रॅक्टरमागं आडवं पिंप, खाली जाळ, वर चिमणी, नळ्यांतून वाफ ड्रमात. धूर वरच्या वर. खरं ते खरं म्हणावं, यंत्र चांगलं आहे. बायांचे डोळे कोरडे, सुनिताचा पदर पांढरा. पण ते काम भलतंच घाईनं करतं. कढई म्हातारी होती, तिला वेळ होता. इथं मी चष्मा पुसून पहिलं चित्र लावतो न लावतो, तर बॉयलरवाला ओरडतो, "चलो, खाली करो!" ड्रम उलटतो, वाफेचा लोट, पिवळा ढीग, फावडी, दुसरी भरती. एका ड्रमात एक पान, लई झालं तर दोन.

"दाजी," शेवंता म्हणली, "तुमचं जोडाक्षर होईस्तोवर ह्यानं गाडीभर हळद शिजवली."

"तू ऐक नाहीतर जा."

"जाते कशाला? आभाळ्या तिथं उभा हाय ना वर्सभर."

ती पहिल्या दिवशी कौसाच्या दगडासारखा एक दगड आणून बसली होती. तिच्या शेजारची जागा तिनं रिकामी ठेवली. कोणी बसायला लागलं तर म्हणायची, तिकडं बस.

धरणाच्या पुढचा अंक उघडला आणि माझं डोकं फिरलं. लिहिणारा नवा आलेला दिसतो. आभाळ्याला धरणाखालून वाचवलं कसं, तर एक शहाणा माणूस त्याच्या छातीत पेटी बसवतो. यंत्राची. आता त्याला श्वास रोखायची गरज न्हाई. पेटी सगळं करते. पूल उचलून तो गप्पा मारून राहिला, विनोद करून राहिला. मी वाचत गेलो. बाया गाल फुगवून बसलेल्या, हळूहळू त्यांचे गाल उतरले. शेवंता म्हणली, "मग आता आमी काय धरावं?"

हाच माझा सवाल आहे, आणि हे पुस्तक छापणाऱ्यांना मी तो उघड विचारतो. मी यंत्राच्या विरुद्ध न्हाई. हळद शिजवायला आणा, पोती उचलायला आणा, मी हात जोडतो. पण आभाळ्याची सगळी गोष्ट त्याच्या श्वासाची आहे. तोच काढून घेतला तर उरलं काय? क्रेन. क्रेनची गोष्ट कोण ऐकतं? आणि यंत्र काय करतं ते मी दवाखान्यात बघितलेलं आहे. यंत्र श्वास देतं. धरून ठेवायचं काम तरी माणसालाच करावं लागतं. कौसानं किती धरलं ते त्या यंत्राला ठाऊक न्हाई, मला आहे.

दुसऱ्या अंकात चित्रं काढणारा बदलला. याचं मी थोडक्यात सांगतो कारण मला राग येतो. आभाळ्याच्या दंडाला तालमीतल्या पोरासारख्या बेडकुळ्या काढल्यात, आणि हात बघाल तर मेणाचे. कौसा चित्रात पहिल्यांदा हात बघायची. तिला अक्षर कळत नव्हतं पण हात कळायचे. जुन्या चित्रकारानं आभाळ्याच्या तळहाताला घट्टे काढलेले, एका बोटाचं नख गेलेलं. हे काय? या हातानं कधी पोतं धरलं असेल का? म्हणली असती, "सावकाराच्या पोराचे हात लावलेत हमालाला." एक मात्र कबूल करतो, याची गंगू बरी आहे. तिच्या किटलीची वाफ त्यानं अशी काढली की मला चहाची तल्लफ आली.

मग तिसरा अंक. त्यात गंगू मरते.

मी पान उलटलं आणि पुढचं चित्र आधी दिसलं. थांबलो. बॉयलर शिट्टीसारखा आवाज करून राहिला होता. शेवंतानं माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं. हळूच म्हणली, "दाजी, बदलून वाचा. वाचली म्हणा. कौसाबाई ऐकून राहिली असंल तर?"

पण कौसाचा नियम होता, छापलं ते वाचायचं. मागं एकदा माझा घसा बसला म्हणून माझ्या मेहुण्यानं वाचलं होतं. त्यानं बहिणीला वाईट वाटू नये म्हणून मेलेला बैल जिवंत केला. कौसानं त्याच्या हातातून अंक ओढला. "चित्रात तर समदे रडून राहिले, तू कोणाला हसवून राहिलास?" त्याला परत कधी वाचायला दिलं न्हाई.

तर मी छापलं ते वाचलं. पुलाचा तुकडा गंगूवर पडतो. पेटीवाला आभाळ्या तो पूल करंगळीवर उचलून फेकतो, पण उशीर झालेला. सगळे लोक निघून जातात. स्टँड रिकामा. चहाची किटली आडवी पडलेली. तो ती उचलायला वाकतो. आणि त्याला उचलत न्हाई. पूल उचलणाऱ्या माणसाला किटली उचलत न्हाई. दोन पानं नुसतं तेच, तो आणि किटली.

हा अंक मला नको होता. पण चांगला आहे. आजवरचा सगळ्यात चांगला. ज्यानं लिहिला त्याच्या घरातलं कोणी गेलेलं असणार, न्हाईतर किटली सुचत न्हाई. आमच्या भिंतीच्या खोबणीत कौसाचं खुरपं आहे. मुठीला तिनं चिंधी गुंडाळलेली, तिच्या हाताच्या आकाराची. वजन काय असेल त्याचं? ती गेल्यापासून मी त्या भिंतीकडंनं जात न्हाई, लांबून वळसा घालतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला सवय आहे.

त्या दिवशी कोणी श्वास धरला न्हाई. कोणी सांगितलंच न्हाई धरायला.

चौथ्या अंकावर मात्र भांडण झालं. गंगू परत येते. सरळ येते, स्टँडवर, हातात किटली, हसत. का आली, कशी आली, कुठं होती, एक अक्षर न्हाई. सुनितानं टाळी वाजवली. बाया डोळे पुसायला लागल्या आनंदानं. मी अंक मिटला.

"हे खोटं आहे. मी वाचणार न्हाई."

"काहून न्हाई?" शेवंता उसळली. "आली तर येऊ द्या की दाजी! तुमच्या बापाचं काय जातं?"

"मेलेलं माणूस येत न्हाई."

बोलून गेलो. सुनितानं खाली मान घालून हळकुंडाची मुळी तोडायला घेतली. शेवंता रिकाम्या जागेकडं बघून म्हणली,

"आमाला ठाऊक न्हाई का ते? म्हणून तर पुस्तकात येऊ द्यावं."

याचं उत्तर मला आता लिहिता लिहिता सुचतं. शेवंता, तुझं मन मला कळतं. पण गंगू परत आली आणि किटली हलकी झाली. आधीच्या अंकात आपण सगळ्यांनी मिळून ती किटली उचलायचा प्रयत्न केला होता. ते आपलं उचलणं या अंकानं फुकट घालवलं. तरी तिच्या शब्दाखातर उरलेली पानं वाचली, तोंड वाकडं करून.

मग राहिला ट्रंकेतला शेवटचा अंक. हळद सरत आली होती. वावरात ताडपत्र्या पसरलेल्या, त्यावर पिवळंधमक वाळवण, दुपारी त्याकडं बघवत न्हाई. निंबाखाली बेण्याचे गड्डे काढून ठेवलेले. बेणं निवडायचं काम कौसाचं होतं. यंदा मी निवडलं, पाल्यानं झाकलं, पाणी शिंपडलं. गजानन म्हणला, आबा, एवढं बेणं? मी म्हणलं, एवढंच लागतं.

शेवटचा ड्रम भरायला घेतला आणि मी अंक उघडला. लिहिणाऱ्यानं मला उताणं पाडलं. परत आलेली गंगू ही गंगू नव्हतीच. पोकळ्यानं बनवलेली, वरून तशीच, आत काही न्हाई. कळतं कशावरून? तिला शीळ घालता येत न्हाई. ओठ गोल होतात, आवाज न्हाई. ती आभाळ्याला मिठी मारते आणि तिच्या हातानं त्याच्या छातीतली पेटी आतून पोकळ होते. पेटी बंद. त्याच घडीला स्टँडचं छप्पर खाली यायला लागतं, खाली एसटी भरलेली, लेकरं, म्हातारी माणसं, कोंबड्यांची टोपली. आता पेटी न्हाई. गंगू न्हाई. शीळ घालायला कोणी न्हाई. तर मी आधीच्या अंकांना शिव्या दिल्या त्या अर्ध्या परत घेतो. अर्ध्या ठेवतो, पेटीच्या.

"मंग?" शेवंता म्हणली.

बॉयलरवाला ओरडला, "चलो, खाली करो!"

"थांब रे जरा!" गजानन ओरडला. तो कधी येऊन मागं उभा राहिला होता, फावडं टेकून, ते मला कळलंच न्हाई.

मी पान उलटलं. शेवटचं पान. त्यावर एकच चित्र, पानभर. आभाळ्या छपराखाली उभा आहे, गाल फुगलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या, हात वर. आणि हात, हे बघा, हात पुन्हा घट्ट्यांचे. नख गेलेलं बोटसुद्धा. कोणीतरी ऐकलं होतं. पण अक्षर एकही न्हाई. खाली न्हाई, वर न्हाई, कोपऱ्यात न्हाई. मी चष्मा काढून पुसून पुन्हा बघितलं. वाचायला काही नव्हतं.

मग मी अंक उलटा करून सगळ्यांना दिसेल असा छातीशी धरला. आणि मी श्वास धरला.

आयुष्यात पहिल्यांदा. शेवंतानं बघितलं आणि तिनं धरला. सुनितानं धरला. बायांनी धरला. कोणी कोणाकडं बघितलं न्हाई, सगळे त्या चित्राकडं. ड्रममधून वाफ निसटून राहिली होती, वाळवणावर चिमण्या उतरून राहिल्या होत्या. आधी एक पोरगी फुटली, मग दुसरी. सुनिता खोकली. शेवंतानं लई ताणलं, मग फुस्सकन सोडला आणि पदर तोंडात घातला. मागं गजाननाचा सुटलेला मी ऐकला. माझ्या कानात ठोके वाजायला लागले, डोळ्यापुढं पिवळं पिवळं झालं. रिकाम्या जागेवर ऊन पडलं होतं. छातीत सगळी हळद भरल्यासारखी झाली होती आणि मला वाटलं, हे एवढं ती धरत होती, दर साली, माझ्या जोडाक्षरांपायी.

"मामा," सुनिता घाबरून म्हणली, "सोडा आता."

सोडला.

बॉयलरवाल्यानं ड्रम उलटला. शेवटचा ढीग पडला, वाफेत आम्ही कोणी कोणाला दिसेना. वाफेतून गजाननाचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा.

"आबा, पुढं काय होतं? पुढचा अंक आला का?"

आला होता. सकाळीच स्टँडवरून आणला होता, पिशवीत होता, पिशवी माझ्या मांडीखाली.

म्हणलं, "हळदीत वाचू. आत्ता काय घाई हाय."